नाकारलेले प्यादे

बुद्धिबळाच्या खेळात फुकट मिळणारी वस्तू न घेण्याचा एक फार जुना प्रघात आहे. पांढऱ्याने आपल्या वजिरापुढील प्यादे दोन घरे पुढे टाकावे, काळ्याने तसेच करून त्याची वाट अडवावी. मग पांढऱ्याने वजिराकडील उंटापुढचे प्यादेही दोन घरे सरकवून ते काळ्याच्या तोंडाशी नेऊन ठेवावे आणि नुसत्या नजरेने म्हणावे, 'घ्या!' येथवर जो प्रारंभ होतो त्यास क्वीन्स गँबिट म्हणतात. आपण त्यास सोयीसाठी वजीरडाव म्हणू. काळ्याने प्यादे मारले तर तो स्वीकृत डाव. परंतु ज्या बचावाविषयी आम्हांस लिहावयाचे आहे त्यात काळा ते प्यादे घेत नाही. तो राजापुढील प्यादे एकच घर पुढे करतो, आपल्या मधल्या प्याद्यास जोर लावतो आणि स्वस्थ बसतो. हाच अस्वीकृत वजीरडाव. गॉटिंगेन येथे जपून ठेवलेल्या पंधराव्या शतकाच्या अखेरच्या एका हस्तलिखितात हे प्यादे देऊ केलेले आढळते. तेव्हापासून ते घ्यावे की न घ्यावे यावर पाश्चात्त्य पंडितांनी जेवढी शाई खर्च केली तेवढी आपल्याकडे द्वैत-अद्वैतावर तरी झाली असेल की नाही, कोण जाणे!

१९२७ साली ब्यूनोस आयरीस येथे कापाब्लांका आणि अलेखिन यांच्यात जगज्जेतेपदाचा जो सामना झाला त्यात एकंदर ३४ डाव झाले. त्यांतील दोन वगळले तर बाकीचे सारे या एकाच अस्वीकृत वजीरडावाचे होते. दोघेही आळीपाळीने प्यादे देऊ करीत आणि दोघेही ते आळीपाळीने नाकारीत. पंचवीस डाव बरोबरीत सुटले. अलेखिनने सहा जिंकले, कापाब्लांकाने तीन, आणि जगज्जेतेपद एका हातातून दुसऱ्या हातात गेले. ज्यांस खेळात तलवारीचा खणखणाट हवा त्यांस हा सामना नीरस वाटतो. आम्हांस तसे वाटत नाही. दोन समर्थ माणसे अडीच महिने एकमेकांस 'नको' म्हणत बसली आहेत हे दृश्य आम्हांस मोठे विलक्षण वाटते.

आणि ते आमच्या ओळखीचेही वाटते. आमच्यासारख्या पांढरपेशा घरांत मुलांस जे पहिले धडे मिळतात त्यांत 'दुसऱ्याने दिलेले लगेच घेऊ नये' हा एक असतो. पाहुण्यांनी हातावर रुपया ठेवला की मूल आधी आईच्या तोंडाकडे पाहते. नातलगाच्या घरी दुसऱ्यांदा वाढू लागले की पानावर हात आडवा होतो. भूक असली तरीही होतो. या नकारात थोडा अभिमान असतो, थोडी भीती असते. घेतले तर उद्या फेडावे लागेल, हा हिशेब असतो. पटावरही हिशेब नेमका हाच आहे. ते प्यादे घेतले तर राखता येत नाही, आज ना उद्या परत द्यावे लागते, आणि दरम्यान पांढरा पटाचे मधले मैदान व्यापून बसतो. म्हणून शहाणा काळा ते नाकारतो.

या शहाणपणाची किंमतही आहे. राजापुढील ते प्यादे एक घर पुढे आले की वजिराकडील उंटाची वाट बंद होते. बिचारा आपल्या घरात जन्मल्या जागी उभा राहतो. उजवीकडे आपलेच प्यादे, डावीकडे आपलेच प्यादे. शत्रूने काही केलेले नसते, घरच्यांनीच त्यास कोंडलेले असते, आणि तेही त्याच्याच रक्षणाच्या व्यवस्थेत! चौदा-पंधरा खेळ्या होतात, इतर मोहरी मैदानात उतरतात, पडतात, नाव काढतात. हा मात्र तेथेच. अस्वीकृत वजीरडाव खेळणाऱ्या प्रत्येक खेळाडूपुढे पहिल्या खेळीपासून शेवटपर्यंत एकच प्रश्न असतो: या उंटाचे काय करावयाचे? वाचकांनी आपापल्या घरातील दोन-तीन पिढ्या डोळ्यांपुढे आणाव्या. ज्यांच्या बंदोबस्तासाठी सारी प्यादी नीट लावली आणि म्हणूनच ज्यांस कधी बाहेर पडता आले नाही, असा एक तरी उंट प्रत्येक घरात सापडेल. आमच्या घरात एक आत्या होती. तिच्याविषयी पुन्हा कधी तरी.

आमच्या लहानपणी परभणीत जो खेळ चाले तो या पाश्चात्त्य नियमांचा नव्हता. वडील आणि त्यांचे स्नेही देशी पद्धतीने खेळत. प्यादे पहिल्या खेळीसही एकच घर चाले. शह बसण्यापूर्वी राजास एकदा घोड्याची उडी घेता येई. प्यादे शेवटच्या घरास पोहोचले की ज्या मोहऱ्याच्या घरात पोहोचले तेच मोहरे ते होई. हल्लीसारखा उठल्यासुटल्या वजीर होत नसे. एका बाजूचा राजा एकटाच उरला की 'बुर्ज' झाला म्हणत, आणि प्याद्याने केलेली मात सर्वांत मानाची समजत. प्यादी अशी मुंगीच्या पावलांनी चालत असल्यामुळे दोन्ही सैन्यांची पहिली गाठ पडावयासच अर्धा तास जाई. तेवढ्या वेळात सुपारी कातरून होई, मोंढ्यातील ज्वारीचे भाव आणि कापसाचे भवितव्य यांची चर्चा होई, आणि कोणाच्या तरी मुलीचे लग्नही ठरे. मोगलाईत वाढलेल्या त्या पिढीस घाई ठाऊक नव्हती. 'बनी तो बनी, नाही तर परभणी' ही म्हण आमच्या गावावर लोक थट्टेने लावतात. परंतु आहे त्या घरात पाय रोवून उभे राहण्याची त्या लोकांची तऱ्हा पाहिली म्हणजे आम्हांस ती म्हण बचावाच्या एखाद्या प्रकारासारखी वाटते.

गोदाकाठच्या या मुलखास अशा डोकेबाज खेळांचे वावडे कधीच नव्हते. आमच्याच जिल्ह्यातील पाथरी म्हणजे जुने पार्थपूर. तेथील ज्ञानराजाने १५०३ च्या सुमारास 'सिद्धान्तसुंदर' हा ज्योतिषग्रंथ रचला. त्याचा मुलगा सूर्यपंडित याने भास्कराचार्यांच्या बीजगणितावर १५३८ मध्ये आणि लीलावतीवर १५४१ मध्ये टीका लिहिल्या. पण त्याची खरी गंमत त्याच्या विलोमकाव्यात आहे. डावीकडून वाचावे तो रामाची कथा, तीच अक्षरे उजवीकडून वाचावी तो कृष्णाची! बुद्धिबळाचा पट दोन बाजूंनी पाहण्याची ज्यास सवय आहे त्यास या कवीच्या डोक्यात काय चालले असेल याची थोडी कल्पना येईल. गोदावरीच काठाकाठाने वर पैठणला गेले की तेथून काशीस गेलेल्या भट्ट घराण्याचे मूळ लागते. त्या घराण्यातील नीलकंठ भट्टाने सतराव्या शतकात 'भगवंतभास्कर' हा धर्मशास्त्रावरील मोठा ग्रंथ लिहिला, आणि त्यातील नीतिमयूखात राजनीती सांगता सांगता बुद्धिबळाच्या क्रीडेचे नियम दिले. घोड्याने एकाही घरावर दुसऱ्यांदा पाय न ठेवता चौसष्ट घरे कशी हिंडावी हेही सांगितले. श्राद्ध, दान, प्रायश्चित्त यांच्या पंगतीस बुद्धिबळ बसविणाऱ्या या शास्त्रीबोवांविषयी आम्हांस फार आदर वाटतो.

देशी खेळातून पाश्चात्त्य खेळात गेलेल्या माणसांत सर्वांत मोठा मीर सुलतान खान. हा पंजाबातील मिठा टिवाणा गावचा. बापाने लहानपणी शिकविलेला देशी खेळ एवढेच त्याचे भांडवल. सर उमर हयात खान या जमीनदाराने त्यास आश्रय दिला, युरोपीय नियम शिकविले, आणि १९२९ साली इंग्लंडला नेले. त्याच वर्षी त्याने ब्रिटिश अजिंक्यपद पटकाविले. पुढे १९३२ आणि १९३३ साली पुन्हा. पुस्तकी प्रारंभ त्यास फारसे येत नसत. साहेब लोक लहानपणापासून ज्या खेळ्या पाठ करीत त्या हा पटावर बसल्या बसल्या शोधून काढी. सुरुवातीस त्याची बाजू पुष्कळदा अडचणीत येई. मग मधल्या खेळात आणि शेवटात तो ती शांतपणे सावरी. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्याने पासष्ट खेळ्यांत कापाब्लांकास हरविले तेव्हा सारे बुद्धिबळविश्व चकित झाले. त्याच्याही आधी, १९२४ साली, साउथपोर्ट येथील ब्रिटिश अजिंक्यपदाच्या स्पर्धेत आपले व्ही. के. खाडिलकर उतरले होते. या दोघांची गाठ पुढे १९३५ साली हिंदुस्थानातच पडली. दहा डाव झाले. नऊ सुलतान खानाने जिंकले आणि एक बरोबरीत सुटला. मराठी मनास हा निकाल गोड लागणार नाही. परंतु त्या एका बरोबरीकडे आम्ही पुन्हा पुन्हा वळतो. समोरचा माणूस आपल्याहून फार मोठा आहे हे पटल्यावरही एक डाव राखून धरणे, ही गोष्ट लहान नव्हे.

त्यानंतर सुलतान खान आपल्या गावी शेतीवर राहिला आणि १९६६ साली वारला. जागतिक संघटनेने त्यास सन्मान म्हणून ग्रँडमास्टर ही पदवी दिली ती २०२४ साली, म्हणजे मृत्यूनंतर ५८ वर्षांनी. त्याच्या थोरल्या मुलाने सांगितलेली एक हकीकत प्रसिद्ध आहे: बापाने आपल्या मुलांस बुद्धिबळ कधी शिकविले नाही, आयुष्यात याहून अधिक उपयोगाचे काही तरी करा, असे तो म्हणे.

ही हकीकत आमच्या घरात गेल्या वैशाखात फार चर्चिली गेली. त्याचे कारण आमची पुतणी.

ही मुलगी दहावीची परीक्षा देऊन बसली होती. पुढे विज्ञान शाखा, वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा, आणि त्यासाठी दोन वर्षे लातूर, हे आमच्याकडे ठरल्यासारखेच असते. मराठवाड्यातील हुशार मुलांचा रस्ता गेली कित्येक वर्षे लातुरावरून जातो. त्यात आम्हांस काही गैर वाटत नाही. परंतु या मुलीस आजोबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, पाचव्या वर्षीच पटावर बसविले होते. त्यांचाच तो सागवानी पट. त्यातील एक घोडा कधी काळी हरवला आणि त्याच्या जागी त्यांनी एक सुपारी ठेवली, ती आजतागायत घोड्याची चाल चालते. आजोबा गेले, मुलगी पाश्चात्त्य नियम शिकली, यंत्रावर खेळू लागली, बक्षिसे आणू लागली. आता तिला पट घेऊन लातूरला जावयाचे होते. आमचे बंधू हिशेबी गृहस्थ. त्यांनी रागावून नकार दिला नाही. एक अट घातली. गावात जी खुली स्पर्धा होणार होती तीत पहिल्या तिघांत आलीस तर पट लातूरला जाईल, नाही तर घरी राहील.

स्पर्धा एका शाळेच्या सभागृहात होती. बाहेर पारा ४२ अंशांच्या वर, आत पंखे गरम हवा ढवळीत होते. खेळाडूंत सात वर्षांच्या पोरांपासून निवृत्त तलाठ्यापर्यंत सारे. एकूण सात फेऱ्या. सहा फेऱ्यांत मुलीने पाच गुण मिळविले होते. शेवटच्या फेरीत तिच्या वाट्यास काळी मोहरी आली आणि समोर आले ते बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, गावातील जुने जाणते खेळाडू. त्यांनी खुर्चीवर बसताना मुलीकडे पाहून आस्थेने विचारले, "परीक्षा कशी गेली बाळ?" मुलीने "बरी गेली, काका" म्हटले आणि घड्याळ सुरू झाले.

त्यांनी वजिरापुढील प्यादे टाकले. तिनेही. त्यांनी दुसरे प्यादे देऊ केले. तिने राजापुढील प्यादे एक घर सरकविले. आम्ही मागे दोरीच्या पलीकडे उभे होतो. बंधू आमच्या शेजारी.

पुढील खेळ्या पुस्तकात शंभरदा छापलेल्या आहेत. पांढऱ्याचा उंट येऊन काळ्या घोड्यास खिळवितो, काळ्याचा राजाकडील उंट ती खीळ सैल करतो, काळा राजा कोटात जातो, दुसरा घोडा वजिराच्या पुढ्यात येऊन उभा राहतो. या ठिकाणी एक प्रसिद्ध सापळा आहे, त्याचाही उल्लेख करून ठेवतो. राजाकडील उंट हलण्यापूर्वीच काळ्याने हा दुसरा घोडा काढला, तर पांढऱ्यास वाटते की पहिला घोडा खिळलेला आहे, तेव्हा मधले प्यादे फुकट मिळते. तो ते मारतो. काळा खिळलेल्याच घोड्याने परत मारतो. पांढरा हर्षाने वजीर घेतो. आणि मग काळ्याच्या उंटाचा असा शह बसतो की पांढऱ्यास स्वतःचा वजीर मध्ये घालावा लागतो आणि शेवटी एक मोहरे कमी पडते. फुकटच्या वस्तूचा लोभ धरू नये हे या डावात दोन्ही बाजूंस लागू आहे. इंग्रजीत याला हत्तीचा सापळा म्हणतात. आमच्या वडिलांना हे नाव मुळीच पसंत नव्हते, "यात हत्ती कुठं हलला?" असे ते विचारीत. समोरचे गृहस्थ अर्थात अशा सापळ्यात येणारे नव्हते.

बाराव्या खेळीपर्यंत एकेक प्यादे, एकेक उंट आणि एकेक घोडा पटाबाहेर गेला होता. पांढऱ्याच्या हत्तीने शेवटचा घोडा मारून तिसऱ्या ओळीत जागा घेतली. आणि त्याच क्षणी त्या गृहस्थांनी हात पुढे करून हळूच म्हटले, "बरोबरी?"

त्यात कपट नव्हते, हे आम्ही मुद्दाम सांगतो. ऊन फार होते, डाव समान होता, समोर नातीच्या वयाची मुलगी होती. बरोबरीने तिचे साडेपाच गुण होत होते. शेजारच्या पटांकडे पाहता तेवढ्यात ती तिसरी येण्याचा संभव चांगला होता. बंधूंनी आमच्या दंडास हलकेच स्पर्श केला. त्यांच्या मनात काय होते ते आम्हांस ठाऊक आहे: अट त्यांनीच घातली होती, आणि ती पुरी व्हावी असे त्यांनाच सर्वांत अधिक वाटत होते. बापाचे मन असेच असते. दार आपणच लावावे आणि कोणी आतून कडी काढते का इकडे कान लावून बसावे.

मुलीने पटाकडे पाहिले. तिचा वजिराकडील उंट अजून जन्मल्या घरीच होता. तिने मान हलविली, "नाही, काका," म्हणाली, आणि राजापुढील प्यादे आणखी एक घर पुढे टाकले.

ज्यांस खेळ ठाऊक आहे त्यांस या खेळीचे महत्त्व सांगावयास नको. कापाब्लांकाने हा बचाव खेळताना जी सुटकेची वाट रुळविली तिचा शेवटचा टप्पा हाच. आधी अदलाबदल करून गर्दी कमी करावयाची, आणि मग ज्या प्याद्याने उंटाची वाट अडविली होती त्यानेच पुढे होऊन ती मोकळी करावयाची. मारामारी झाली, प्यादी गेली, घोडे गेले. सोळाव्या खेळीस तिचा उंट बाहेर पडला आणि पटाच्या मध्यावरून पांढऱ्या सैन्यावर रोखून उभा राहिला. आम्ही घड्याळात पाहिले तो तासाहून अधिक वेळ गेला होता.

येथे आमच्या वाचकांपैकी तरुण मंडळी विजयाची अपेक्षा करतील. तसे झाले नाही. त्या गृहस्थांनी वजीर तिच्या राजाच्या अंगणात आणला, तिला माघार घेऊन बंदोबस्त करावा लागला, आणि त्या धांदलीत तिचे एक प्यादे पडले. वजीर गेले, उंट गेले. ज्या उंटासाठी एवढा खटाटोप केला तोही समोरच्या उंटाबरोबर गेला. उरले एकेक हत्ती, पांढऱ्याकडे एक प्यादे, आणि तिच्याकडे काहीच नाही. सभागृहातील बाकीचे पट एकेक करून उठले. पोरे बाहेर उसाच्या रसाच्या गाड्याकडे पळाली. पंच आमच्या बाजूस येऊन उभे राहिले.

अशा ठिकाणी हत्तीने काय करावे हे फिलिडोर या फ्रेंच गृहस्थाने १७७७ सालच्या आपल्या पुस्तकात सांगून ठेवले आहे. हा त्या काळचा नामांकित संगीतकार. नाटकशाळेसाठी संगीतिका रची आणि बुद्धिबळात युरोपात त्याच्या तोडीचा कोणी नव्हता. तो म्हणतो, आपला हत्ती आपल्याकडून तिसऱ्या ओळीवर ठेवा आणि तेथून हलवू नका. समोरच्या राजास ती ओळ ओलांडता येत नाही. शेवटी तो कंटाळून प्यादे त्या ओळीवर ढकलतो. आता त्याच्या राजास प्याद्याचा आडोसा उरत नाही. मग हत्ती थेट पटाच्या दुसऱ्या टोकास न्या आणि मागून शहावर शह देत राहा. मुलीने तसेच केले. वीस-बावीस खेळ्या तिचा हत्ती त्या एका ओळीवर इकडून तिकडे, तिकडून इकडे जात राहिला. पाहणाऱ्यास यात काहीच दिसत नाही. त्या गृहस्थांनी प्रयत्नांची शिकस्त केली, प्यादे पुढे टाकले, शह खाल्ले, आणि साडेचार तासांनंतर पुन्हा हात पुढे केला. या वेळी तिने तो घेतला.

साडेपाच गुण. आणखी तिघांचेही तितकेच झाले होते. अशा वेळी प्रत्येकाच्या प्रतिस्पर्ध्यांच्या गुणांची बेरीज करून क्रम लावतात. त्या बेरजेत मुलगी चौथी आली.

परत येताना बंधूंनी रिक्षात न राहवून म्हटलेच, "अगं, हेच तर बाराव्या खेळीला मिळत होतं की!"

मुलगी खिडकीबाहेर वसमत रस्त्याकडे पाहत होती. ती म्हणाली, "तेव्हा ते त्यांनी दिलेलं होतं, बाबा."

बंधू गप्प झाले. आम्हीही.

रात्री जेवणानंतर मात्र घरात मोठा वाद झाला. भावजयीचे म्हणणे असे की, पोरीने एवढे केले, आता अट कसली घेऊन बसलात. बंधूंचे म्हणणे असे की, अट मोडली तर पुढे शब्दास किंमत राहत नाही. त्यांनीच सुलतान खानाची गोष्ट काढली: एवढा मोठा खेळाडू, त्यानेही मुलांना शिकविले नाही! आम्ही म्हटले की ती गोष्ट दोन्ही बाजूंनी वाचता येते, पाथरीच्या सूर्यपंडिताच्या काव्यासारखी. परक्या नियमांवर जग जिंकून जो परत शेतीवर आला, त्याच्या त्या वाक्यात शहाणपण किती आणि खंत किती हे आपण परभणीत बसून कसे ठरवावे? भावजयीने निराळेच उदाहरण दिले. मुंबईच्या खाडिलकर भगिनींविषयी तिने वाचले होते. १९७४ साली बंगळूरला स्त्रियांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली ती वासंतीने जिंकली, आणि पुढे जवळजवळ दहा वर्षे तो मान वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी बहिणींच्याच घरात फिरत राहिला. १९७६ साली तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत बसली तेव्हा केवढा गहजब झाला! प्रकरण हायकोर्टापर्यंत गेले, आणि मुलगी म्हणून कोणास अडविता येणार नाही असा निर्वाळा जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स यूव यांना द्यावा लागला. नागपूरच्या दिव्या देशमुखने १९ व्या वर्षी, २०२५ च्या जुलैत, बातुमी येथे कोनेरू हंपीस नमवून स्त्रियांचा विश्वचषक आणला तो तर आपल्या डोळ्यांदेखत. बंधू म्हणाले, "दिव्या देशमुख एक असते." भावजय म्हणाली, "डॉक्टर तरी सगळे कुठे होतात?" यावर कोणाकडेच उत्तर नव्हते, आणि आमच्या मते ते नसणेच योग्य होते.

मुलगी सारा वेळ पटावर तोच डाव पुन्हा मांडीत होती. वजीर तिच्या राजाच्या अंगणात आला तेथे ती थांबली, दोन खेळ्या मागे घेतल्या, निराळी मांडणी केली, सुपारीचा घोडा कडेला ठेवला. मग आमच्याकडे वळून तिने विचारले, "काका, पट घरी राहिला तर तुम्ही तो मांडून ठेवाल का?"

आम्ही म्हटले, "ठेवू की. पण खेळणार कोण?"

"तुम्ही इथं, मी तिथं. वसतिगृहात फोन ठेवू देत नाहीत, पण कार्ड येऊ देतात. एका कार्डावर एक खेळी. माझा पट मी डोक्यात ठेवीन."

बंधूंनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला. नंतर म्हणाले, "अट पटाची होती. कार्डाची नव्हती." आणि पाणी पिण्याच्या निमित्ताने उठून आत गेले.

मुलगी जूनमध्ये लातूरला गेली. पट आमच्या बैठकीच्या खोलीत तिवईवर मांडलेला आहे. झाडणाऱ्या बाईस त्यास हात न लावण्याची ताकीद आहे, आणि तिने ती आजवर आमच्या घरातील कोणाहीपेक्षा अधिक काटेकोरपणे पाळली आहे. पांढरी मोहरी आमच्याकडे. टपाल कधी तीन दिवसांत पोहोचते, कधी आठ. आम्ही तीन कार्डे धाडली. तिची दोन आली आहेत. पहिल्यात तिच्या खेळीखाली एकच ओळ होती: रसायनशास्त्राचे सर चांगले शिकवतात, जेवण बरे आहे. आम्ही दुसऱ्या कार्डात उंटापुढचे प्यादे देऊ केले होते. तिच्या दुसऱ्या कार्डात राजापुढील प्यादे एक घर पुढे आले, आणि खाली बंधूंसाठी निराळ्या शाईत पहिल्या चाचणी परीक्षेचे गुण लिहिलेले होते.